तोंडाच्या मापाचं लोखंड

बदलापूरच्या खरवईतून पश्चिमेकडे पाहिलं की मलंगगड आणि चंदेरी दिसतात. हीच डोंगररांग पुढे दक्षिणेला माथेरानपर्यंत जाते. बदलापूरहून लोकलने वांगणी, शेलू, नेरळ. मग घाट चढून दस्तुरी नाका. मोटारी इथेच थांबतात आणि पुढच्या लाल मातीच्या रस्त्यावर घोड्यांची ये-जा सुरू होते.

हिवाळ्यातल्या एका सकाळी दस्तुरीवर एक घोडेवाला लगामाचं लोखंड दोन्ही तळव्यांत धरून उभा होता. गार लोखंड तोंडात गेलं की जनावर दचकतं, म्हणून तो त्याला ऊब देत होता. मग त्याने डावा अंगठा घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवला. घोड्याने तोंड उघडलं, लोखंड अलगद आत गेलं. अंगठ्याला काही झालं नाही, कारण तिथे दातच नसतात.

पुढचे कातरदात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या जबड्यात मोकळी जागा असते. लगाम बसतो तो तिथे. वरून पाहणाऱ्याला वाटतं, निसर्गाने लोखंडासाठीच जागा सोडली आहे. पण तिथे हाडावर हिरडीचा पातळ थर असतो, त्यावर जीभ आणि बाजूला ओठांचे कोपरे. लगाम ओढला की भार या नाजूक भागांवरच येतो. घोडा ‘तोंडाचा कडक’ आहे असं म्हणताना बहुतेकदा आपण त्याच्या जखमेलाच नाव ठेवत असतो.

म्हणून लगाम निवडायचा तो आधी तोंड तपासून. नर घोड्याला चार-पाच वर्षांच्या सुमारास या मोकळ्या जागेत सुळे येतात. काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे एक छोटा दात फुटतो. लोखंड त्यावर आपटलं की घोडा डोकं झटकतो. अशा वेळी आणखी कडक लगाम चढवणं म्हणजे दुखण्यावर मार देणं. तिथे पशुवैद्यच हवा.

मग माप. एक गोल, गुळगुळीत काठी लगामाच्या जागी आडवी धरावी, दोन्ही ओठांच्या कडेला खूण करावी आणि मधलं अंतर मोजावं. लगामाच्या टोकांच्या कड्या सैल फिरणाऱ्या असतील, तर दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर जागा राहावी. लगाम आखूड असला तर कड्या ओठ चिमटतात. लांब असला तर तो इकडून तिकडे घसरतो आणि मधला सांधा टाळूला टोचू शकतो.

जाडीच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. जाड लोखंडाचा भार जास्त जागेवर पसरतो, म्हणून ते सौम्य, हे खरं. पण जीभ मांसल आणि तोंड लहान असेल, तर ते जाड लोखंड ठेवायचं कुठे? घोडा दिवसभर तोंड आवासून चालतो. एका सांध्याचा लगाम ओढल्यावर मधोमध दुमडतो. दोन सांध्यांचा जिभेवर अधिक सपाट बसतो. लांब दांड्यांचा लगाम तरफेसारखा काम करतो. हनुवटीखालची साखळी आवळली जाते आणि हाताचा थोडा जोरही कितीतरी वाढून पोहोचतो. तो नवशिक्याच्या हाती देऊ नये.

बसवल्यावर ओठाच्या कोपऱ्याला एखाददुसरी सुरकुती पडावी. लगाम फार खाली राहिला तर दातांवर खडखडतो, फार वर गेला तर कोपरे ताणले जातात. नाकपट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, गळपट्टीत चार. त्यानंतर घोड्याकडेच पाहावं. तो जीभ लोखंडावरून काढतो का, दात खातो का, मान वर फेकतो का? तोंड ओलसर आणि जबडा सैल असेल, तर समजावं की जमलं.

ही विद्या आपल्या मातीत फार जुनी आहे. नागपूरजवळच्या माहूरझरीला १९७० ते १९७२ या काळात पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. तिथल्या महापाषाणयुगीन शिळावर्तुळांत माणसांसोबत घोड्यांचे अवशेष, त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम सापडले. विदर्भातल्या त्या लोहारांनी इसवीसनापूर्वीच घोड्याच्या तोंडासाठी लोखंड वळवलं होतं. पुढे भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांची फौज दौडली, तेव्हा तोंडातल्या या लोखंडाला ‘कडियाळं’ असा नेमका शब्द मराठीत होता. आज आपण सगळ्या सरंजामालाच लगाम म्हणतो.

काटेरी लगामही आपल्याकडे चालत आले. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने केलेल्या १९६५च्या नियमांनी टोकदार लगामांवर बंदी घातली. तरी लग्नाच्या वरातीत घोडी नाचवताना तिच्या तोंडात काय आहे, हे वऱ्हाड्यांनी एकदा वाकून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण कितीही मऊ लगाम कठोर हातात कठोरच होतो. मापाचं लोखंड निम्मं काम करतं; उरलेलं काम हाताने वेळेवर सैल सोडण्याचं. घोड्याने ऐकलं त्याच क्षणी हातातली लगामाची वादी ढिली पडली, तर पुढच्या वेळी इशारा आणखी हलका पुरतो.

संध्याकाळी तोच घोडेवाला पुन्हा दिसला. त्याने लगाम काढला, पाण्याने धुतला आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांवरून बोट फिरवून ते नीट पाहिलं. बोट स्वच्छ निघालं. रक्ताचा मागमूस नव्हता. मगच त्याने घोड्यापुढे चारा टाकला.