सायकलीला पाण्यात टिकणारं ग्रीस : कोणतं घ्यावं, कसं भरावं?

बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय आपण गाडी जुंपत नाही. ट्रॅक्टरला ग्रीसगन लावायचीही आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. घरातली सायकल मात्र कुरकुरायला लागेपर्यंत तशीच पळवली जाते. खरं तर दूध डेअरीला पोचतं ते सायकलीवर, शेतावर डबा जातो तो सायकलीवर आणि मुली हायस्कूलला जातात त्याही सायकलीवरच. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. अशी सायकल श्रावणात जाम झाली, की शाळेची वाटच अडते.

सायकलीचा वैरी पाणी

ग्रीस म्हणजे घट्ट केलेलं तेल. तेल धरून ठेवायला त्यात एक प्रकारचा साबण घातलेला असतो. हा साबण कशाचा, यावर ते ग्रीस पाण्यात टिकणार की वाहून जाणार हे ठरतं.

मोटारीच्या चाकाचं बेअरिंग तापतं, म्हणून तिथं उष्णता सोसणारं ग्रीस लागतं. सायकलीचं बेअरिंग तापत नाही. तिथं भीती असते ती ओढ्याच्या पाण्याची, चिखलाची आणि धुताना मारलेल्या पाइपच्या धारेची. म्हणून ग्रीस घेताना 'हे किती गरमी सोसतं' हे विचारू नका, 'पाण्यात किती टिकतं' ते विचारा.

डब्यावर काय वाचाल?

सोडियमचं ग्रीस पाण्यात विरघळून दुधासारखं होतं. ते सायकलीला नको.

कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला दाद देत नाही. जास्त गरमीत ते फुटतं, पण सायकलीत तेवढी गरमी नसतेच. स्वस्तात काम भागवायचं तर हे चांगलं.

लिथियमचं ग्रीस पाणीही बऱ्यापैकी सोसतं आणि उष्णताही. दुकानात 'एपी-३' म्हणून मिळतं ते बहुधा याच जातीचं असतं. एकाच डब्यात सायकल, पंप आणि ट्रॅक्टर भागवायचं असेल तर हे सोयीचं.

'कॅल्शियम सल्फोनेट' लिहिलेलं ग्रीस पाणी आणि गंज या दोन्हींना सगळ्यांत भारी, पण महाग. खाडीकाठी, खाऱ्या हवेत सायकल ठेवणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

डब्यावर २ किंवा ३ असा आकडा असतो. तो ग्रीसच्या घट्टपणाचा. सायकलीला दोन्ही चालतात. तीन नंबरचं जरा जास्त घट्ट.

सुटं ग्रीस घेत असाल तर तिथंच परीक्षा करा. चिमूटभर ग्रीस बोटावर घ्या, दोन थेंब पाणी टाका आणि चोळा. पांढरं होऊन सुटू लागलं तर परत द्या. बोटाला चिकटून राहिलं आणि पाणी वेगळं राहिलं, तर घ्यायला हरकत नाही.

जुन्यावर नवं नको

पुष्कळ ठिकाणी जुन्या काळ्या ग्रीसवरच नवं थापतात. त्याचा उपयोग नाही. आतली माती छर्ऱ्यांना कानशीसारखी घासत राहते. शिवाय दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली की कधी कधी पातळ होऊन गळतात. म्हणून आधी सगळं खोला. छर्रे मोजून वाटीत ठेवा. आपल्या साध्या काळ्या सायकलीत बहुधा पुढच्या चाकाला एका बाजूस १०, मागच्याला ९ आणि मधल्या एक्सलला ११ सुटे छर्रे असतात. डिझेलनं धुऊन, फडक्यानं पुसून पूर्ण कोरडे करा. छर्ऱ्यावर खड्डे दिसले तर त्या बाजूचे सगळेच नवे घाला. कोनवर चर पडली असेल तर कोनही बदला, नाहीतर नवे छर्रे फार दिवस टिकणार नाहीत.

कटोरीत ग्रीस हात आखडून भरू नका. सायकलीचं चाक सावकाश फिरतं, त्यामुळे जास्त ग्रीसनं बिघडत नाही. उलट कडेला आलेलं ग्रीस शेताच्या बांधासारखं पाणी अडवतं. बाहेर ओघळलेलं तेवढं पुसून घ्या. रिमला किंवा ब्रेकच्या रबराला ग्रीस लागू देऊ नका. कोन आवळताना चाक हलता कामा नये आणि अडकताही कामा नये. सीटच्या दांड्यालाही ग्रीस चोपडा, कारण तिथून शिरलेलं पाणी थेट मधल्या एक्सलवर उतरतं.

कुठं ग्रीस नको?

चेनला ग्रीस लावू नका. धूळ बसून तिचा खरकागद होतो. तिथं मशीनचं तेल घाला आणि वरचं पुसून काढा. फ्रीमध्येही तेलच घाला, ग्रीसनं आतले कुत्रे चिकटतात. इंजिनातून काढलेलं जळकं तेल पातळ असतं आणि त्यात काजळी व लोखंडाचा कीस असतो. गोडंतेल काही दिवसांत डिंकासारखं होतं. बेअरिंगला या दोन्हींपैकी काहीच नको.

वर्षातून दोनदा

एकदा रोहिणीत, मृगाचा पाऊस लागण्याआधी. दुसऱ्यांदा पाऊस सरल्यावर, खंडेनवमीला अवजारं धुता-पुसता तेव्हा. मध्येच ओढ्यात हब बुडेपर्यंत पाणी लागलं असेल, तर दसऱ्याची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात खोलून बघा. ग्रीस दुधाळ झालं असेल तर पाणी आत गेलं असं समजा.

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि मुख्याध्यापक यांनीही एवढं मनावर घ्यावं. एका सायकलीला साधारण ५० ग्रॅम ग्रीस पुरतं, म्हणजे अर्ध्या किलोत दहा सायकली होतात. मे महिनाअखेर गावातल्या सायकलवाल्या कारागिराला एक दिवस शाळेच्या आवारात बसवा, मुलींच्या सायकली खोलून भरून घ्या आणि मोठ्या मुला-मुलींना ते काम शिकवा. सायकल वाटली की काम संपलं असं नाही. ती पावसातही चालती राहिली पाहिजे. खर्च डब्याचा आणि कारागिराच्या एका दिवसाच्या मजुरीचा आहे. तो मृगाआधी करा.