तंबूची जागा तिथी पाहून ठरवा
किनाऱ्यावरचा मुक्काम : लेखांक ४

मागच्या लेखांकात तंबू आणि सामान पाहिलं. आता प्रश्न जागेचा. नागोठण्याहून वडखळमार्गे अलिबाग-नागावला जा, नाहीतर रोह्यावरून कुंडलिकेच्या काठाने रेवदंडा आणि पुढे काशीदला. बहुतेक मंडळी किनाऱ्यावर पोहोचतात ती सूर्यास्ताच्या जरा आधी. समोर लांबरुंद, सपाट, स्वच्छ वाळू असते. पाणी दूर गेलेलं असतं. पाण्याच्या जवळची ओलसर वाळू घट्ट आणि समतल असते, म्हणून तंबू तिथेच लावावासा वाटतो. त्यातून बेत आखलेला असतो पौर्णिमेचा, चांदण्यासाठी.

किनाऱ्यावरच्या मुक्कामासाठी सगळ्यात अवघड रात्र हीच. का, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

कोकणात भरतीचा एक तोंडी हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, कारण चंद्राच्या ओढीने पृथ्वीच्या दोन्ही अंगांना पाणी फुगतं. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पुरी होते. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. मनातल्या मनात गुणाकार करायला पाऊण तास सोपा. या हिशेबात तासभर इकडेतिकडे होतं, पण रात्रीचा अंदाज बांधायला तो पुरेसा आहे.

आता हा हिशेब पौर्णिमेला लावून पाहा. भरती दुपारी बाराच्या आसपास आणि पुन्हा मध्यरात्री. म्हणजे संध्याकाळी सहाला पुरी ओहोटी. आपण पोहोचतो तेव्हा समुद्र सगळ्यात लांब असतो, आणि सगळे गाढ झोपतात तेव्हा तो सगळ्यात वर येतो. शिवाय पौर्णिमा आणि अमावास्या या उधाणाच्या तिथी. सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. उधाणाचा कळस तर बहुधा एक-दोन दिवसांनी येतो, त्यामुळे पौर्णिमेनंतरचा शनिवार गाठला तरी धोका टळत नाही.

नागोठणेकरांना भरतीचं बळ समजवायला समुद्रावर न्यावं लागत नाही. धरमतरच्या खाडीतून अंबा नदीत शिरलेली भरती थेट गावापर्यंत येते. त्या पाण्याच्या जोरावरच नागोठणे हे बंदर होतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून महाबळेश्वरकडे जाणारे प्रवासी बोटीने इथे उतरत आणि पुढचा रस्ता धरत. गलबतं आत यायची ती भरतीची वेळ साधून. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या पायथ्याशी जे पाणी पोहोचतं, ते उघड्या पुळणीवर किती पसरत असेल, याचा विचार मुक्कामाला जाणाऱ्याने करायला हवा.

आपल्या किनाऱ्यावर भरती मोठी असण्याला कारण आहे. मुंबई-रायगडसमोर समुद्राचा उथळ तळ, म्हणजे भूखंडमंच, सुमारे तीनशे किलोमीटर पसरलेला आहे, आणि उत्तरेला खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. उथळ आणि अरुंद जागेत शिरताना भरतीची लाट उंचावते. म्हणून मालवणपेक्षा अलिबागला भरती-ओहोटीतला फरक जास्त, आणि भावनगरला तर उधाणात तो दहा मीटरच्या घरात जातो. मुंबईच्या भरतीच्या तक्त्यात साडेचार मीटरच्या वरचे आकडे वर्षातून अनेकदा दिसतात.

उभ्या उंचीचा हा आकडा आडव्या वाळूवर मांडला की खरा अर्थ कळतो. समजा, पुळणीचा उतार पन्नासाला एक आहे. म्हणजे पन्नास मीटर चालल्यावर एक मीटर चढ. पाणी चार मीटर चढलं, तर ते दोनशे मीटर आत आलं. सहा तासांत. मधले दोन तास चढ सर्वांत वेगवान असतो. अलिबागचा कुलाबा किल्ला हे याचं रोज दिसणारं उदाहरण : ओहोटीला लोक चालत जातात, भरतीला त्याच वाटेवरून होडी लागते.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या उधाणात दुपारची भरती मोठी असते. म्हणूनच जुलैमध्ये मुंबईत भर दुपारी पाणी तुंबण्याची भीती असते. हिवाळ्यात हे उलटतं. डिसेंबरच्या उधाणात मध्यरात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा अर्ध्या मीटरहूनही अधिक चढू शकते. पन्नासाला एक उतारावर अर्धा मीटर म्हणजे पंचवीस मीटर. मुक्कामाचा हंगाम हिवाळ्याचा. दुपारच्या भरतीने सोडलेली ओली रेघ पाहून, तिच्या दहा मीटर वर तंबू ठोकणारा माणूस आपल्या समजुतीने काळजीच घेत असतो, पण रात्री पाणी त्याच्या अंथरुणात शिरतं. ताज्या ओल्या रेघेवर म्हणूनच विसंबू नये.

मग कशावर विसंबावं? वाळू वरच्या अंगाला चढत जाते तिथे सुकं शेवाळ, काटक्या, नारळाची सोडणं, शिंपल्यांचा चुरा यांच्या एकामागे एक ओळी दिसतात. त्यातली सगळ्यात वरची ओळ शोधा. तिच्याही वर हिरव्या जाड पानांची, जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. नेहमीच्या भरतीचं पाणी जिथे पोहोचत नाही, तिथेच तिचा पसारा टिकतो. तंबू या वेलीच्या मागे, जमिनीकडच्या बाजूला लावा. वेल मात्र उपटू नका, कारण वाळू तीच धरून ठेवते. मागे सरकताना थेट माडाखाली किंवा सुरूच्या वाळक्या फांद्यांखाली जाऊ नका. सुक्या वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोर बांधून हातभर खोल पुरा. दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री मतलई वारा जमिनीकडून, तेव्हा दोर दोन्ही बाजूंचे ताणलेले हवेत.

हाच सुका पट्टा आणखी एका जिवाचा आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्याच्या रात्री भरतीरेषेच्या वर वाळू उकरून अंडी घालते. रायगडात हरिहरेश्वर, दिवेआगरच्या बाजूला आणि खाडीपलीकडे रत्नागिरीतल्या वेळासला ही घरटी सापडतात. घरट्यावर तंबू आला तर अंडी दबतात, आणि शेकोटीच्या किंवा दिव्याच्या उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. ज्या किनाऱ्यावर कासवं येतात तिथे नोव्हेंबर ते मे वाळूवर मुक्काम करूच नये. मागच्या वाडीत एखाद्या घरी राहावं. गावाला चार पैसेही मिळतात.

लांबच्या बेटांवर जाणाऱ्यांसाठी आकडे बदलतात. लक्षद्वीपमध्ये, बंगाराम-तिण्णकराच्या पांढऱ्या वाळूवर, भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दीड मीटरच्या आसपास. बेटं खोल समुद्रातून वर आलेली, भोवती उथळ मंच नाही, म्हणून पाणी फारसं उंचावत नाही. पण बेटंच समुद्रसपाटीपासून काही मीटर उंच, त्यामुळे मागे सरकायला जागा थोडी. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेच्या दूर महासागरातल्या वादळांच्या लाटा, इथे वारा नसतानाही, किनाऱ्यावर चढतात. केरळात त्यांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्यांचा इशारा देते. तो पाहिल्याशिवाय बेटावर वाळूत झोपू नये. अंदमानात आणखी एक गोष्ट : खाड्यांच्या मुखाजवळ खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, तेव्हा तिथे वनखात्याचं ऐकावं.

तर मग आपल्या किनाऱ्यावर मुक्कामाला दिवस कोणता निवडावा? माझं उत्तर शुद्ध सप्तमी-अष्टमीचं आहे. हे भांगाचे दिवस : सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, त्यामुळे भरतीचा चढ कमी. भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे पाणी कुठवर येतं ते आपण डोळ्यांनी पाहतो. मध्यरात्री ओहोटी असते. पुढची भरती सकाळी, उजाडताना. आणि अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत आकाशात असतो, त्यामुळे चांदणंही मिळतं. भारतीय सर्वेक्षण विभाग भरतीचे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करतो. त्यात मुंबईच्या अपोलो बंदराचे आकडे पाहून रात्रीच्या भरतीची उंची आधीच लिहून घ्या, आणि ग्रामपंचायतीची परवानगीही आधीच घ्या.

घरातल्या कालनिर्णयवर शनिवार शोधताना आपण लाल आकडे पाहतो. त्याच चौकटीत तिथीही छापलेली असते. मुलांना बरोबर नेणार असाल तर पाऊणपटीचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या. समुद्रावर जन्मभर उपयोगी पडेल असं हे शिक्षण आहे.

पुढच्या लेखांकात : चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावर गोड्या पाण्याची विहीर कशी टिकते, आणि मुक्कामाला किती पाणी बरोबर न्यावं.