नववीत नापास, पुढे काय? मुक्त विद्यालयाचा मार्ग कोणासाठी आणि कोणत्या अटींवर

नवी दिल्ली : वार्षिक निकाल लागल्यावर नववीत नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या पालकांपुढे अनेकदा दोनच पर्याय ठेवले जातात. मुलाने त्याच वर्गात पुन्हा बसावे, किंवा शाळा सोडून मुक्त विद्यालयातून थेट दहावीची परीक्षा द्यावी. दुसऱ्या पर्यायात वर्ष वाचते आणि ‘नापास’ हा शिक्काही टळतो, म्हणून तो आकर्षक वाटतो. मात्र एकदा शाळा सोडल्याचा दाखला हाती आला की त्याच टप्प्यावर नियमित शाळेत परतणे सहसा अवघड असते. त्यामुळे हा मार्ग नेमका काय देतो आणि काय देत नाही, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

नववीच का?

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वयोगटातील बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार आहे. आठवीपर्यंत कोणत्याही विद्यार्थ्याला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मधील दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन, अनुत्तीर्णांना पुनर्परीक्षेची संधी देऊन, त्यानंतर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली. परंतु शाळेतून न काढण्याचे संरक्षण कायम राहिले.

हे संरक्षण आठवीबरोबर संपते. मागील इयत्तांत साचत गेलेली वाचन-गणितातील कमतरता नववीत प्रथमच निकालपत्रावर उमटते. दुसरीकडे शाळेची प्रतिष्ठा दहावीच्या निकालाच्या टक्केवारीवर ठरते. कच्चा विद्यार्थी दहावीच्या पटावर नसेल, तर ही टक्केवारी आपोआप सुधारते. मुक्त विद्यालयाचा सल्ला विद्यार्थ्याच्या हितासाठी दिला जात आहे की निकालाच्या, हा प्रश्न येथेच निर्माण होतो.

व्यवस्था कशी चालते?

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर मुक्त विद्यालय सुरू केले. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर, १९८९ मध्ये त्याला स्वायत्त संस्थेचे रूप मिळाले. आज ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, अर्थात ‘एनआयओएस’, या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्यालय नोएडात आहे.

येथे दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे, तर बारावीसाठी १५ वर्षे आहे. प्रवेश पाच वर्षे वैध राहतो. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि या काळात विद्यार्थ्याला नऊ संधी मिळतात. सर्व विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात आणि उर्वरित विषय सवडीने देता येतात. मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांना त्यातील उत्तीर्ण विषयांपैकी दोनपर्यंत विषयांचे गुण येथे वर्ग करता येतात. मागणीनुसार परीक्षेची सोयही आहे. दहावीसाठी मराठी माध्यम उपलब्ध आहे. हे प्रमाणपत्र पुढील शिक्षण व नोकरीसाठी अन्य मंडळांच्या प्रमाणपत्राशी समकक्ष मानले जाते. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ‘नीट’ परीक्षेपासून वंचित ठेवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली होती.

अनेक राज्यांची स्वतंत्र मुक्त मंडळेही आहेत. महाराष्ट्रात राज्य मुक्त विद्यालय मंडळ कार्यरत आहे. त्याशिवाय ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची परीक्षा देण्याचा जुना मार्ग आहेच.

खरी अडचण कोठे?

आजारपण, क्रीडा वा कलेचा सराव, घरची जबाबदारी किंवा रोजगार यांमुळे शाळेचे वेळापत्रक पाळू न शकणाऱ्या मुलांना ही लवचीकता मोलाची ठरते. त्यांची अडचण वेळेची असते. नववीत नापास झालेल्या अनेकांची अडचण मात्र आकलनाची असते. रोज वर्गात बसून, शिक्षक समोर असताना जो धडा समजला नाही, तोच धडा घरी एकट्याने वाचावा, अशी अपेक्षा या मार्गात असते. अध्ययन केंद्रांवर संपर्क वर्ग होतात, परंतु ते दैनंदिन शाळेची जागा घेऊ शकत नाहीत. मित्र सुटतात, दिवसाचा क्रम मोडतो, आणि नऊ संधी आहेत या भरवशावर पहिलीच संधी हुकते. ज्याला अधिक आधाराची गरज आहे, त्याच्या वाट्याला कमी आधार येतो, हा या व्यवस्थेतील मूळ विरोधाभास आहे.

दिल्ली सरकारने २०१६ मध्ये ‘चुनौती’ योजना आणली, तेव्हा नववीत वारंवार अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी ‘विश्वास’ नावाचा गट करून त्यांना पत्राचार विद्यालयामार्फत दहावीला बसवण्यात आले. विद्यार्थी शिक्षणाच्या कक्षेत राहावेत, हा तिचा उद्देश होता. शाळांचे निकाल उंचावण्यासाठी दुर्बल विद्यार्थ्यांना बाजूला काढले जात असल्याची टीकाही तेव्हापासून होत आली आहे. मध्य प्रदेशने त्याच वर्षी ‘रुक जाना नहीं’ योजना सुरू करून मंडळाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांना राज्य मुक्त मंडळामार्फत पुन्हा परीक्षेची संधी दिली.

लडाखमधील ‘सेकमोल’ या संस्थेचा मार्ग वेगळा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने लेहजवळील फे गावातील आपल्या परिसरात दहावी नापास मुलांनाच प्राधान्याने प्रवेश दिला. एकत्र राहणे, हाताने काम करणे आणि अभ्यास हे तेथे जोडीने चालते. परीक्षेचा नवा अर्ज आणि शिकण्याची नवी जागा यांतील फरक या उदाहरणातून स्पष्ट होतो.

निर्णयापूर्वी काय पाहावे?

प्रथम, अपयशाचे कारण शोधावे. वाचन, लेखन वा गणितातील अडचण अध्ययन अक्षमतेमुळे आहे का, याची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती नियमित मंडळातही मिळतात. तेवढ्याने प्रश्न सुटत असेल, तर शाळा सोडण्याचे कारण उरत नाही.

दुसरे, विषयांची निवड पुढचा विचार करून करावी. मुक्त विद्यालयात गणित टाळून दहावी होता येते. मात्र त्यामुळे पुढे तंत्रशिक्षणासारख्या काही वाटा बंद होतात.

तिसरे, मंडळाची मान्यता अधिकृत स्रोतावरून पडताळावी. हमखास उत्तीर्ण करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे.

चौथे, आठवड्यातून किती दिवस, कोठे आणि कोण शिकवणार, याचे उत्तर प्रवेशापूर्वीच मिळवावे. ते मिळत नसेल, तर त्याच वर्गात आणखी एक वर्ष घालवणे अधिक हिताचे ठरू शकते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत १०० टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट ठेवले असून, त्यासाठी मुक्त विद्यालयांचा विस्तार करण्यावर भर दिला आहे. पटनोंदणीच्या हिशेबात मुक्त विद्यालयात नाव असलेला विद्यार्थी शिक्षणातच मोजला जाईल. परंतु त्याच्यासाठी नियमित वर्ग, मार्गदर्शक शिक्षक आणि पाठपुरावा यांची व्यवस्था झाली नाही, तर त्याचे नाव पटावर राहील आणि शिक्षण मात्र थांबलेले असेल.