आवाज येत नाही, म्हणजे कीबोर्ड बिघडला?

“दिवे लागतात, पण आवाजच येत नाही. पीस खराब निघाला.” नवा मिडी कीबोर्ड घेतलेल्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता चिडायला होतं. कारण मग चांगला कीबोर्ड दुकानात परत जातो, किंवा महागडी केबल आणली जाते, आणि आवाज तरीही येत नाही.

मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही. जातात ते आकडे. पट्टी दाबली की तीन बाइटचा निरोप निघतो: कोणत्या चॅनेलवर सूर सुरू झाला, पट्टी कोणती आणि ती किती जोरात दाबली. मधल्या ‘सी’चा आकडा ६०, जोराचा जास्तीत जास्त १२७. १९८३ पासून हे असंच आहे. पेटी वाजवणाऱ्यांना ते पटायला वेळ लागतो, कारण पेटीत पट्टी आणि सूर एकाच खोक्यात असतात. इथे सूर तयार करायचं काम कॉम्प्युटरमधल्या वाद्याचं.

म्हणून आधी पट्टी दाबून सॉफ्टवेअरमधला मिडीचा मीटर बघा. तो हलला, तर कीबोर्ड ठणठणीत आहे. मग ट्रॅकवर वाद्य लोड केलंय का, ट्रॅक रेकॉर्डसाठी आर्म केलाय का, मॉनिटरिंग चालू आहे का आणि आवाज बाहेर जाण्यासाठी योग्य स्पीकर किंवा इंटरफेस निवडलाय का, हे तपासा. मीटर हललाच नाही, तर सेटिंगमध्ये मिडी इनपुट सुरू करा आणि केबल बदलून बघा. स्वस्त म्हणून नव्हे, तर फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात म्हणून.

दुसरी तक्रार, “कीबोर्ड स्लो आहे, सूर उशिरा वाजतो.” मिडी १.० च्या मूळ तपशिलात पाच पिनांच्या केबलचा वेग दिलेला आहे: सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर पोचायला एक मिलिसेकंदही लागत नाही. उशीर होतो तो ऑडिओच्या बफरमध्ये. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. १२८ चा म्हणजे तीन. बफर कमी करा, विंडोजवर असिओ ड्रायव्हर वापरा. आणि वाजवताना ब्लूटूथ हेडफोन नकोच.

प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो? कीबोर्डला स्वतःचा आवाज असेल तर त्याचा ‘लोकल कंट्रोल’ बंद करा.

पेडल उलटं चालतं? बरेच कीबोर्ड सुरू होताना पेडलची स्थिती वाचतात. त्या वेळी पाय त्यावर ठेवू नका.

सूर अडकून वाजत राहिला? पट्टी सुटल्याचा निरोप पोचलेला नाही. ‘पॅनिक’ बटण दाबा.

मिडी रेकॉर्डिंगचा दर्जा हलका असतो? त्यात आवाजच नसतो. आज पियानोत वाजवलेलं उद्या बासरीत ऐका.

एवढं करूनही दुसऱ्या केबलवर आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर मीटर हलला नाही, तर मात्र कीबोर्ड खुशाल दुकानात परत न्या.