पहिला भाग फुकट

टेक्सासमधल्या स्कॉट मिलरने १९९० मध्ये जॉन रोमेरोला चाहता म्हणून पत्रं पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक पत्राखाली नाव निराळं. रोमेरो तेव्हा लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टला सॉफ्टडिस्क या कंपनीत नोकरीला होता. फ्लॉपीवर निघणाऱ्या मासिकांसाठी गेम लिहिणं हे त्याचं काम. कंपनी नोकरांचं टपाल फोडून वाचत असणार, अशी मिलरला धास्ती होती, म्हणून हा बहुरूप्याचा खटाटोप. रोमेरोने ती कौतुकपत्रं खुशीत भिंतीवर चिकटवली. पुढे एका मासिकात मिलरचा पत्ता त्याच्या वाचनात आला आणि भिंतीवरची पत्रं त्याच एका पत्त्यावरून आल्याचं ध्यानात येताच तो खवळला. पण बोलणं झालं, आणि बोलण्यातून व्यवहार ठरला. व्हिडिओ गेमच्या धंद्यात 'फुकट चाखायला द्या' ही कल्पना रुजली ती बऱ्याच अंशी या व्यवहारामुळे.

रोमेरो आपल्याला अगदीच परका नाही. शाळेच्या कम्प्युटर लॅबमध्ये सरांची पाठ वळली की सुरू होणारा, चषक उचलल्याशिवाय दार न उघडणारा तो 'डेंजरस डेव्ह' याच रोमेरोचा. सॉफ्टडिस्कमधला त्याचा सहकारी जॉन कारमॅक याने साध्या पीसीवर पडदा सलग सरकवण्याची युक्ती शोधून काढली, तेव्हा ती दाखवण्यासाठी मारिओच्या गेममधला भाग जसाच्या तसा उतरवून त्यात मारिओच्या जागी डेव्हलाच उभं केलं होतं. त्या युक्तीवर उभा राहिलेला 'कमांडर कीन' १४ डिसेंबर १९९० रोजी मिलरच्या ॲपोजी कंपनीतर्फे बाहेर पडला. तीन भागांपैकी पहिला फुकट. कुणीही उतरवून घ्यावा, मित्रांना वाटावा. उरलेले दोन हवे असतील तर पैसे पाठवावेत. पहिल्या भागाच्या शेवटी आठ वर्षांचा कीन मंगळावरून घरी परततो आणि पृथ्वीपाशी शत्रूचं जहाज येऊन ठेपलेलं असतं. महिन्याभरात या मंडळींच्या हाती साडेदहा हजार डॉलरचा पहिला धनादेश पडला. नोकऱ्या सुटल्या आणि 'इड सॉफ्टवेअर' जन्माला आली.

प्रोग्रॅम असे मोकळे वाटण्याची, म्हणजे शेअरवेअरची, प्रथा त्याआधीची. १९८२ च्या सुमारास अँड्र्यू फ्लुगेलमन आणि जिम नॉफ यांनी आपापले प्रोग्रॅम लोकांत मोकळे सोडले होते : वापरा, आवडलं तर पैसे पाठवा. पण त्यात अख्खा प्रोग्रॅम आधीच हाती आलेला असे. कार्यालयात रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी काही लोक पैसे पाठवतही. गेम एकदा संपवला की कोण कशाला पाकीट काढतो? मिलरने स्वतःचे गेम असे सोडून पाहिले होते. मग १९८७ च्या 'क्रोझ'पासून त्याने गेमचे तुकडे केले. पहिला सोडला, बाकीचे राखले. माणसाच्या सदसद्विवेकावर विसंबण्यापेक्षा त्याच्या उत्सुकतेवर विसंबावं, एवढाच तो फरक. धंद्याच्या दृष्टीने मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

याचं टोक म्हणजे इड सॉफ्टवेअरचा 'डूम'. १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर तो चढवायचा होता. वाट पाहणाऱ्यांनी सर्व्हरच्या सगळ्या जागा आधीच अडवल्या होत्या. इतक्या की ज्याने गेम चढवायचा त्यालाच आत शिरता येईना. फुकट मिळाला तो पहिला भाग : नऊ पातळ्या, त्यांतली एक गुप्त. त्यातल्या बहुतेक रोमेरोने स्वतः रचलेल्या, आणि संपूर्ण गेममध्ये सरस म्हणून आजही त्यांचंच नाव निघतं. म्हणजे फुकटात दिलं ते गाळसाळ नव्हतं. मात्र प्लाझ्मा गन आणि सर्वांत भारी हत्यार विकतच्या भागांसाठी राखलेलं. पहिल्या भागाचा शेवट तर पाहण्यासारखा. दोन राक्षसी सरदारांना लोळवून तुम्ही तेजोमय चौथऱ्यावर पाऊल ठेवता, क्षणात एका काळोख्या खोलीत जाऊन पडता, आणि तिथे अंगावर येणारा घोळका तुमचा निकाल लावतो. जिंकता आणि मरता. पुढचं हवं असेल तर ४० डॉलर. दुकानदारांनाही मुभा होती : हा फुकटचा भाग डिस्कवर भरून हव्या त्या किमतीला विका, आम्हाला एक पैसाही देऊ नका. वितरणाचा खर्च जगाने उचलला, कंपनीने फक्त पुढच्या भागांचे पैसे मोजले.

आपल्याकडे तो काळ वेगळ्या वाटेने आला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमचं इंटरनेट सुरू झालं, पण टेलिफोनच्या तारेवरून मोठी फाइल उतरवणं म्हणजे रात्रभराचं जागरण आणि महिनाअखेरीला वडिलांची बोलणी. असे फुकट चाखायचे तुकडे, म्हणजेच डेमो, पोचले ते मुंबईहून निघणाऱ्या 'चिप' आणि पुढे 'डिजिट' अशा मासिकांच्या सीडींतून. मासिक वाचायचं राहून जाई, सीडी मात्र त्याच संध्याकाळी कम्प्युटरमध्ये. दुसऱ्या बाजूला लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर अख्खा गेम चोरट्या सीडीवर मिळत होता. त्यामुळे डेमोने आपल्या बाजारात विक्री फारशी हलवली असेल असं मला वाटत नाही. त्याने दुसरं काम केलं. आपल्या यंत्रावर हा गेम चालतो की अडखळतो, हे घरच्या घरी कळू लागलं. डब्यामागे छापलेल्या तांत्रिक अटी वाचून जे कळत नसे ते पाच मिनिटांत पडद्यावर दिसे. हा उपयोग आजही संपलेला नाही. मोठ्या कंपनीचा नवा गेम आज चार हजारांच्या घरात जातो, आणि घरातला लॅपटॉप मुळात ऑफिसच्या कामासाठी घेतलेला असतो.

अर्थशास्त्रात अशा मालाचा वेगळा वर्ग आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग सांगितले : काहींचा कस विकत घेण्याआधी पाहून, चौकशी करून लागतो, तर काहींचा वापरल्यावरच. गेम दुसऱ्या वर्गातला, तोही कट्टर. सिनेमाची झलक पाहून सिनेमाचा थोडा तरी अंदाज येतो, कारण दोन्ही बघायच्याच गोष्टी. गेमच्या झलकीत हाताला काय वाटतं ते येत नाही : उडी मारल्यावर पात्र किती जड पडतं, बटण दाबल्यापासून तलवार फिरेपर्यंत किती वेळ जातो. खेळणारा पैसे मोजतो ते यासाठी. आणि झलक खोटी असू शकते. २०१३ च्या 'एलियन्स : कलोनियल मरीन्स'च्या जाहिरातींतली दृश्यं आणि लोकांच्या हाती पडलेला गेम यांत इतकी तफावत होती की ब्रिटनमध्ये जाहिरात नियामकापुढे सेगा कंपनीला ती कबूल करावी लागली. 'सायबरपंक २०७७' त्यानंतरचा. डिसेंबर २०२० मध्ये तो येण्याआधी समीक्षकांना दिल्या गेल्या त्या पीसीच्या प्रती. जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो कसा कोलमडतो हे गिऱ्हाइकाला पैसे भरल्यावर कळलं. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, तो परतला पुढच्या जूनमध्ये. प्लेस्टेशन ४ साठी अर्ध्या तासाचा डेमो आधी ठेवला असता तर काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग सगळेच डेमो का देत नाहीत? याचं उत्तर जेसी शेल यांनी २०१३ मध्ये लास व्हेगासच्या 'डाइस' परिषदेत एका आलेखातून दिलं. शेल स्वतः गेम रचतात आणि कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवतात. आलेख ईडार या संस्थेने एक्सबॉक्स ३६० च्या गेमवरून काढलेला. ज्यांची झलक आली पण डेमो आला नाही असे गेम, झलक आणि डेमो दोन्ही देणाऱ्यांच्या साधारण दुप्पट खपले होते. म्हणजे पदरचे पैसे घालून डेमो करायचा आणि खप निम्म्यावर आणायचा. मोठ्या प्रकाशकांना हवं होतं ते कारण हाती लागलं.

त्या आलेखावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ज्यांच्या जाहिरातीला अमाप पैसा आहे त्या गेमना डेमोची गरज नसते. डेमो काढतो तो बहुधा ज्याला आपलं नाव कुणाला माहीत नाही याची चिंता असते. तेव्हा डेमोमुळे खप घटला, की ज्यांचा खप कमीच व्हायचा होता त्यांनी डेमो काढले, हे आलेख सांगत नाही. तरी त्यात तथ्याचा अंश आहे. डेमो खेळून काहींची हौस तिथेच फिटते. काहींना कळतं की आपल्याला हे आवडत नाही. यातलं दुसरं नुकसान प्रकाशकाचं असलं तरी खेळणाऱ्याचा तो निव्वळ फायदा आहे, आणि त्यावर अश्रू ढाळण्याचं कारण मला दिसत नाही.

खर्चाची तक्रार मात्र खरी. डेमो म्हणजे गेमचा तुकडा कापून काढणं इतकं सोपं नसतं. शितावरून भाताची परीक्षा होते कारण शितं सारखी असतात. गेमचा पहिला अर्धा तास शिकवण्यात जातो आणि खरी गंमत सहाव्या तासाला येते. मग मधला भाग उचलायचा, त्याला नवी सुरुवात आणि नवा शेवट जोडायचा, तोही मूळ गेम पुरा करण्याची घाई चालली असताना. यातून काहींनी विलक्षण वाटा काढल्या. 'द स्टॅन्ली पॅरेबल' (२०१३) या गेमचा सारा भर अनपेक्षितावर. त्यातला एक प्रसंग दाखवला तरी तो वाया गेला. म्हणून डेव्ही व्रेडन आणि विल्यम पग यांनी डेमो म्हणून मूळ गेममधलं काहीच दिलं नाही. डेमोत तुम्ही डेमोसाठीच्या प्रतीक्षालयात येता, निवेदक तुम्हाला गेम दाखवायला उतावीळ असतो आणि काही ना काही बिनसत राहतं. मध्येच एक बटण आहे, ते दाबलं की 'आठ' एवढंच ऐकू येतं. हसता हसता तुम्हाला मूळ गेमचा स्वभाव पुरता कळलेला असतो. नमुना न देता चव दिली, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

'पी.टी.'चं उलट झालं. १२ ऑगस्ट २०१४ ला प्लेस्टेशन ४ वर एका अनोळखी स्टुडिओच्या नावाने तो फुकट आला. एकच वळणाचा बोळ, पुन्हा पुन्हा, दर फेरीला थोडा बदललेला. कोडं सुटल्यावर उलगडलं की ही हिदेओ कोजिमा आणि सिनेदिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या 'सायलेंट हिल्स'ची नांदी आहे. एप्रिल २०१५ मध्ये मूळ गेमच रद्द झाला, डेमो दुकानातून काढला गेला, आणि ज्या यंत्रांत तो उतरवलेला होता ती यंत्रं लोक चढ्या भावाने विकू लागले. नाटक झालंच नाही, नांदी तेवढी गाजली.

करणाऱ्याला डेमोचा सर्वांत मोठा लाभ होतो तो खपापलीकडचा, आणि तो जपानी मंडळींनी नीट ओळखला. स्क्वेअर एनिक्सने 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'चा डेमो सप्टेंबर २०१७ मध्ये, गेम येण्याच्या दहा महिने आधी सोडला आणि सोबत प्रश्नावली पाठवली. सुमारे ४५ हजार उत्तरं आली. त्यांनी ती वाचली, आणि काय बदललं ते जाहीरपणे दाखवलं : लांबच्या ठिकाणी झटकन पोचण्याची सोय, दिशा दाखवणारा छोटा नकाशा, प्रसंग वगळण्याची मुभा. गेम येण्याच्या महिनाभर आधी तीन तासांचा दुसरा डेमो आला, आणि त्यातली प्रगती मूळ गेममध्ये पुढे चालू ठेवता येत होती. वेळ फुकट गेला ही खेळणाऱ्याची तक्रारच मिटली.

एकट्यादुकट्या निर्मात्याला डेमो म्हणजे ओळखपत्र. टोबी फॉक्सने मे २०१३ मध्ये 'अंडरटेल'चा डेमो लोकांपुढे ठेवला आणि पाठोपाठ किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पाच हजार डॉलर मागितले. मिळाले ५१ हजारांवर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा अनुभव खडतर. 'राजी : ॲन एन्शंट एपिक'साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मागितलेले १ लाख २० हजार डॉलर जमले नाहीत. मंडळी हटली नाहीत. जुलै २०२० मध्ये एक्सबॉक्सने आठवडाभर बरेच डेमो मांडले, त्यांत 'राजी' होता, आणि ऑगस्टमध्ये गेम प्रत्यक्ष बाजारात आला. कॅनडातल्या एका अनामिकाने केलेल्या 'बालाट्रो'चा डेमो २०२३ मध्ये लोक पत्त्यांच्या नादी लागावं तसे तासन्तास खेळत बसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेम आला आणि महिन्याभरात दहा लाख प्रती खपल्या. असा गेम तीन ओळींचं वर्णन आणि चार चित्रं यांवर कोण विकत घेणार होतं?

आज डेमोची जत्रा भरते ती स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात. डिसेंबर २०१९ मध्ये १३ गेम घेऊन सुरू झालेला हा उपक्रम 'नेक्स्ट फेस्ट' नावाने वर्षातून तीनदा होतो, आणि आता एका खेपेला दोन हजारांहून अधिक डेमो येतात. गर्दीचा तोटा उघड आहे : चांगलंही हरवतं. एका गेमला या जत्रेत आयुष्यात एकदाच जागा मिळते, त्यामुळे कच्चा डेमो घेऊन घाईने उतरणाऱ्याने संधी गमावलीच. स्टीमवर पैसे परतीचीही सोय आहे, जून २०१५ पासून : १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. काही जण तिलाच डेमो समजतात. माझ्या मते हे दोन्ही बाजूंना अन्यायाचं आहे. परतीत आधी पैसे तुमचे अडकतात, आणि ज्याने दीड तासाचाच सुबक गेम केला त्याचा गेम पुरा करूनही परत देता येतो.

नेक्स्ट फेस्ट फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये असतो. चार हजारांचा गेम घेण्याआधी त्यातले पाचसहा डेमो आपल्याच लॅपटॉपवर चालवून पाहा, खर्च डेटाचाच. आणि एखादा आवडला नाही, तर काढून टाकण्याआधी कुठे कंटाळा आला ते दोन ओळींत निर्मात्याला लिहा. २०२४ पासून डेमोला स्वतःचं पान आणि अभिप्रायाची जागा मिळू लागली आहे. या धंद्यात चुकीची दुरुस्ती अजून शक्य असते ती त्याच टप्प्यावर.