विणकरांचे फूल

कामगार चळवळीतल्या माणसाने फुलांवर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु आजचे फूल हातमागाच्या शेजारी वाढलेले आहे. त्याचे नाव ऑरिक्युला. मूळचे ते आल्प्स पर्वताच्या कडेकपारींतले. इंग्लंडात सरदारांच्या बागांतही ते होते. पण त्याचे खरे लाड केले ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लँकेशायर परगण्यातल्या विणकरांनी आणि इतर कारागिरांनी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते तग धरणार नाही, हे आधीच सांगतो. उद्या कोणी रोपवाटिकेत विचारायला जाऊ नये.

रोप बहुवर्षायू. जाड पाने आणि वीतभर दांड्यावर फुलांचा घोस. थंडीचे त्याला भय नाही. डोंगरावर हिवाळा ते बर्फाखालीच काढते. भय आहे ते ओलीचे. मुळाशी पाणी साचले की रोप कुजलेच. कातळाच्या फटीत पाणी थांबत नाही, तसे कुंडीतही थांबू नये, म्हणून मातीत बारीक खडी मिसळायची. शिवाय पुष्कळ जातींच्या पानांवर आणि फुलांवर पांढरी पिठी असते. पावसाचे चार थेंब पडले की ती ओघळते आणि प्रदर्शनासाठी वर्षभर सांभाळलेले रोप बाद होते. तेव्हा वर आडोसा, बाजूंनी मोकळा वारा आणि पाणी पान चुकवून थेट मातीत, असा सारा बंदोबस्त. खताच्या बाबतीत जुनी मंडळी भलतीच हौशी होती. आयझॅक एमर्टन याने १८१५ साली या फुलावर पुस्तक काढले. त्यात बैलाच्या रक्तात मुरवलेली पाळीव हंसांची विष्ठा सांगितली आहे! आजचे बागवान साध्या, निचऱ्याच्या मातीवर भागवतात आणि त्यांची रोपे काही वाईट येत नाहीत.

अठराव्या शतकाच्या मध्यास एक नवल झाले. काही रोपांच्या पाकळ्यांचा काठ हिरवा निघाला. म्हणजे पाकळीची कड पानासारखीच बनली. मध्ये पिठीचे शुभ्र वर्तुळ, भोवती काळसर पट्टा आणि बाहेर हिरवा काठ. त्याच काठावर पिठी विरळ असली तर तो राखी दिसतो, दाट असली तर पांढरा. काठाची पारख विणकराला शिकवावी लागत नाही. बियांपासून मात्र आईसारखे मूल येईलच असे नाही. शेकडो रोपे वाढवून त्यांतले एखादे ठेवायचे आणि पुढे त्याचे फुटवे काढूनच ती जात राखायची. ‘लँकेशायर हीरो’ ही प्रसिद्ध जात अशीच निघाली. नावातले लँकेशायर म्हणजे परगणा नव्हे. ती काढणाऱ्या रॉबर्ट लँकेशायरचे ते आडनाव. प्रदर्शने भरत गावच्या गुत्त्यात आणि बक्षीस असे तांब्याची किटली.

या फुलात दोन प्रकार आढळतात. एकात स्त्रीकेसराचे टोक टाचणीच्या डोक्यासारखे नळीच्या तोंडाशी दिसते. दुसऱ्यात ते आत दडते आणि पुंकेसरांचा झुबका तोंड झाकतो. पहिल्याला हे लोक ‘पिन’ म्हणत, दुसऱ्याला ‘थ्रम’. थ्रम हा शब्द मागावरचा आहे: कापड कापून घेतल्यावर ताण्याच्या धाग्यांची जी टोके मागावर उरतात, ती थ्रम. पिन असलेले फूल स्पर्धेत चालत नसे. चार्ल्स डार्विनने १८६२ साली या दोन रूपांचे परागीभवनातले प्रयोजन उलगडून दाखवले. मागावरचा शब्द शास्त्रातही गेला.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. हातमागाचा विणकर घरात काम करी. पाऊस आला की उठून कुंडी आत घ्यायला त्याला कोणाची परवानगी लागत नसे. म्हणून त्याची स्थिती सुखाची होती असे मात्र कोणी समजू नये. यंत्रमाग आल्यावर त्याची मजुरी इतकी घसरली की कुंडीशेजारी चूल थंड असे. गिरणीतल्या कामगारांनीही हा नाद सोडला नाही. १८४७ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया व अल्पवयीन मुले यांचा दिवस दहा तासांवर आला आणि व्यवहारात पुष्कळ पुरुषांचाही. आम्ही युनियनवाले तासांसाठी भांडतो आणि ते बरोबरच आहे. पण ऑरिक्युलाला मोजून दिलेला तास पुरत नाही. सर येईल त्या घडीला माणूस मोकळा हवा. ही मागणी कोणत्या करारात लिहावी, ते मला अजून सुचलेले नाही. गिरणीवाल्याने काय केले? कुंडीवर छप्पर बांधले, ऊन असह्य होईल तिथे आधीच सावली केली आणि पाणी पहाटे, भोंग्याआधी घातले.

मँचेस्टरच्या परिसरात आजही वसंतात या फुलांची प्रदर्शने भरतात. परीक्षक फुलाच्या नळीत डोकावतात आणि पिन दिसली की ते रोप बाजूला ठेवतात.