पंच्याऐंशी मिनिटांचे कोकण

'मुंबई ते चिपी, विमानाने किती वेळ?' हा प्रश्न २०२१च्या ऑक्टोबरात लालबाग-परळच्या चाळींतून घरोघर विचारला गेला. त्या महिन्याच्या ९ तारखेला वेंगुर्ले तालुक्यात परुळ्याजवळ चिपीच्या माळावर सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यांच्या आजोबांनी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवण-वेंगुर्ले गाठले, त्या चाकरमान्यांना आकाशमार्ग खुला झाला. मी मराठीचा प्राध्यापक. भूगोल हा काही माझा प्रांत नव्हे. पण शेजारी मलाच हिशेब विचारू लागले, तेव्हा तो मांडणे भाग पडले.

नकाशावर मुंबईचा विमानतळ १९ अक्षांशाच्या किंचित वर, चिपी १६ वर. एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर. चिपी थोडी पूर्वेला आहे, तेही धरले की सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर भरतात. रस्त्याने मात्र घाट, खाड्या आणि वळणे घेत तेच अंतर पाचशेच्या घरात जाते. या मार्गावरचे एटीआर विमान पंख्याचे, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडणारे. त्रैराशिक मांडले तर पाऊण तासही लागू नये! पण वेळापत्रक म्हणत होते, सुटणार ११.३५ला, पोहोचणार १ वाजता. म्हणजे पंच्याऐंशी मिनिटे.

मग वरची चाळीस मिनिटे गेली कुठे? वाचकहो, वेळापत्रकातला वेळ हा केवळ उडण्याचा नसतो. विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे बहुतेक वेळ एकीवरच सारा भार, आणि विमानांची रांग. त्यात चढता-उतरताना वेग कमी. शिवाय परळहून सांताक्रुझ गाठणे आणि तिथे तासभर आधी हजर राहणे आपल्या पदरचे.

तरीही खरे अंतर याहून निराळेच आहे. समजा, दुपारी एक वाजता गावाहून निरोप आला, 'आवस गेली. बेगीन ये.' विमानाची दिवसाला फेरी एकच. आजची निघून गेलेली. उद्याचे विमान एक वाजता टेकणार. मध्यरात्री दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीला दुपारच्या सुमारास पोहोचणार. आणि संध्याकाळी लालबागहून निघणारी, रात्रभर हाडे खिळखिळी करणारी बस? ती सकाळीच गावच्या तिठ्यावर! तिघांत वेगवान तेच सर्वांत मागे. आमच्या चाळीतले एक गृहस्थ अशा प्रसंगी मुकाट्याने बसमध्ये चढले आणि आईला अग्नी द्यायला वेळेवर पोहोचले. विमानाची वाट पाहते, तर मयत दुपारपर्यंत खोळंबली असती.

पुढे २०२४मध्ये 'उडान' योजनेची तीन वर्षांची मुदत सरली आणि ही फेरीही थांबली. विमानतळ जागच्या जागी, किलोमीटरही तेवढेच. अंतर मात्र पुन्हा लांबले.

म्हणून नव्या विमानमार्गाची बातमी आली की 'किती मिनिटे?' एवढेच विचारून थांबू नये. 'दिवसातून किती वेळा? आणि किती वर्षे?' हेही विचारावे. आपल्या भाषेत 'अंतर देणे' म्हणजे साथ सोडणे. ज्याची म्हातारी माणसे गावी आहेत, त्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.